आयीचं सूप

भात कापून झालं की आमच्या कोन गावच्या हवेला एक वास येतो. ओल्या पेंढ्याचा, थोडा मातीचा, आणि कल्याण रस्त्यावरून अखंड जाणाऱ्या गाड्यांच्या डिझेलचा. पूर्वी तो नुसता पेंढ्याचा होता असं माझ्या सासरची माणसं सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हा डिझेल त्यात मिसळलेलंच होतं, त्यामुळे मला ते दोन वास वेगळे करता येत नाहीत. घरामागे आमची भाताची एकच पट्टी उरली आहे, दोन गोदामांच्या भिंतींच्या मधोमध. काल ती कापून झाली. आज सकाळी मी मागचं दार उघडलं, तो वास आत आला आणि चहाचं पातेलं बाजूला राहून माझा हात आल्याकडे गेला. पातीच्या कांद्याची जुडी कालच आणून ठेवली होती. कशासाठी आणली, हे आणताना स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मयूरी, माझी मुलगी, दुपारी इस्पितळातली ड्युटी संपवून येईल. ती आता डॉक्टर आहे, सरकारी इस्पितळात इंटर्नशिप करते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. त्या एका हिवाळ्यात आमचा मात्र लागला होता.

मयूरीने डॉक्टरकीचं शिक्षण चीनमध्ये घेतलं. इथे प्रवेश मिळाला नाही, तिची जिद्द सुटेना, तेव्हा तिच्या बाबांनी रस्त्याकडचं शेत विकलं आणि ती गेली. एका थंड शहरात गेली, जिथे हिवाळ्यात नळाचं पाणी गोठायचं. पहिलं वर्ष संपलं, दुसऱ्या वर्षी ती महिनाभराच्या सुट्टीवर घरी आली, आणि त्याच वेळी जगभर साथ पसरून सगळ्या सीमा बंद झाल्या. महिन्याची सुट्टी कितीतरी लांबली. आमच्या मागच्या खोलीत बसून, मोबाइलच्या पडद्यावर ती मेलेल्या माणसांची शरीरं पाहत शिकली. सीमा उघडल्यावर परत गेली, पदवी घेऊन आली. पण बाहेरच्या देशात शिकलेल्यांना इथे आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय नावापुढे डॉक्टर लावता येत नाही. त्या पावसाळ्यात तिने ती दिली आणि नापास झाली.

पुढची परीक्षा ऐन थंडीत होती. भात कापायला आलं तशी ती मला म्हणाली, "आई, मी या वेळी बसत नाही."

"मग कधी?"

"कधीच नाही."

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. नापास झालेली मुलं मी आयुष्यभर पाहिली आहेत. रडणारी, हसून टाळणारी, पाटी फोडणारी. मयूरी यातलं काहीच करत नव्हती. ती नीट आंघोळ करायची, केस विंचरायची, विचारलं तर उत्तर द्यायची. फक्त जेवत नव्हती. चहात बिस्किट बुडवायची आणि ते विरघळून तळाशी जाईपर्यंत बघत बसायची. पुस्तकं तिने स्वतः खोक्यात भरून माळ्यावर टाकली होती. गावात एका हळदीला गेलो असताना नात्यातल्या एका माणसाने सगळ्यांसमोर गंमत केली, "चायनाचा माल, चला तो चांद तक, नहीं तो शाम तक." मांडवातली माणसं हसली. मयूरीही हसली. त्या हसण्याने मला जेवढी भीती वाटली तेवढी तिच्या नापास होण्यानेही वाटली नव्हती.

भाताची झोडणी चालू होती. तिचे बाबा गोदामात सुपरवायझर आहेत, पण भाताच्या दिवसांत सुट्टी घेतात. एका दुपारी ते खळ्यावरून आत आले, अंगावर भुसा, आणि तिच्या बंद दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "पोरीला झालंय काय? ताप हाय का तिला?"

होता. बारीकसा, अंगात मुरलेला. मी कपाळावर हात ठेवला तेव्हा ती अर्धवट झोपेत म्हणाली, "आयीचं सूप पाहिजे."

आमच्याकडे जुनी माणसं आईला आय म्हणतात. मला वाटलं, तापात लाडात आली आहे. मी म्हटलं, "करते की. टोमॅटोचं करू?"

तिने डोळे उघडले. "तुझं नाही गं. तिकडच्या आयीचं."

मग तिने सांगितलं. चिनी भाषेत मावशी, काकू, कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला आयी म्हणतात. तिच्या हॉस्टेलच्या फाटकाबाहेर एका बाईची छोटीशी खानावळ होती. नवीन होती तेव्हा मयूरी एकदा तिथून चालली होती, भाषेचं अक्षर कळत नव्हतं, घरची आठवण गळ्याशी आलेली. तेवढ्यात एक मुलगा आत शिरला आणि त्याने मोठ्याने हाक मारली, "आयी!" मयूरी जागच्या जागी उभी राहिली. म्हणाली, "मला वाटलं, कुणीतरी आपल्या गावचं आहे." ती त्या मुलाच्या मागोमाग आत गेली. समोर एका वाडग्यात कोंबडीचं स्वच्छ सूप आलं, त्यात पिठाच्या पारीत सारण भरलेल्या, करंजीसारख्या दिसणाऱ्या जाडसर पुड्या. ते खाता खाता ती रडली, आणि त्या बाईने काही न विचारता वाडगं पुन्हा भरलं.

खरं सांगायचं तर मला बोचलं. माझ्या पोरीला तापात दुसरी कुणी आई आठवावी, हे मला सहन होईना. बाहेर येऊन मी भांडी उगाच आपटली. पण चिडून काय होणार होतं? पोरीने कितीतरी दिवसांनी काहीतरी मागितलं होतं. मी ठरवलं, हे सूप मी करणार. कसं होत नाही तेच बघते. मी चाळिशीत स्कूटर शिकले, ती याच कल्याण रस्त्यावर, कंटेनरच्या रांगेत. लोक म्हणाले मरशील. मेले नाही.

पहिल्यांदा मी माझ्या पद्धतीने गेले. बाजारातली कोंबडी, कुकर, शिट्ट्या. हळद आणि मसाल्याकडे जाणारा हात मागे घेतला तेव्हा स्वतःचाच हात परका वाटला. पारीसाठी मैदा करंजीसारखा मोहन घालून घट्ट मळला. मुरड तर माझ्या बोटांत आहे. दिवाळीत शेजारणी बघायला येतात. पण तेलाचं मोहन उकळत्या पाण्यात काय करतं ते मला कुठे ठाऊक होतं! एकेक करंजी पाण्यात गेली, क्षणभर डौलात तरंगली आणि उमलली. सगळा खिमा पातेलंभर फिरत राहिला. मी झाऱ्याने कानाकोपऱ्यांतून पारीचे तुकडे गोळा केले आणि वाडग्यात घातले.

मयूरीने दोन चमचे घेतले. "छान आहे," म्हणाली.

पाहुण्याच्या घरी म्हणतात तसलं ते छान. तिच्या बाबांनी वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. "हळद न्हाय, मिरची न्हाय. कोंबडीला नुसती आंघोळ घातलीस काय?"

"तुमच्यासाठी केलेलं नाही," मी म्हटलं.

भिवंडीत चायनीजच्या गाड्यांना तोटा नाही. आमच्या नाक्यावर संध्याकाळी लाल दिवे लावून एक गाडी लागते, यंत्रमागावरची शिफ्ट सुटली की तिथे उभं राहायला जागा मिळत नाही. मी त्या गाडीवाल्याला विचारलं, चिकनचं सूप, आत भरलेल्या करंज्या, असं काही करतोस का. तो मोठ्या कढईत नूडल्स उडवत म्हणाला, "मॅडम, सूप में मंचाव है, हॉट अँड सॉर है. करंजी दिवाली में खाने की चीज है." आजूबाजूची माणसं हसली. त्यात त्याची चूक नव्हती. मी सोया सॉसची एक छोटी बाटली मागून घेतली आणि घरी आले.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला उलगडलं की मी चुकीच्या माणसांना विचारते आहे. ज्या माणसाने ते सूप खाल्लं होतं ते माझ्याच घरात, बंद दाराआड होतं. मी दार वाजवून आत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले. "कसं करायची गं ती?"

"मला काय माहीत? मी फक्त खायचे."

"बघितलं तर असशील. तुझे डोळे कुठे जातात ते मला ठाऊक आहे. लहानपणी मी मासे साफ करताना तू पोटातलं काय काय ते मोजत बसायचीस."

ती पहिल्यांदा जराशी हसली, खरंखुरं. मग भिंतीकडे बघत एकेक आठवायला लागली. सकाळी आयी मोठ्या पातेल्यात कोंबडी उकळायची आणि ते पहिलं पाणी बाहेर गटारात ओतून द्यायची; बर्फावर वाफेचा ढग उठायचा. मग नवीन पाणी, आल्याच्या चकत्या, पातीचा कांदा गाठ मारून. आणि मंद आच, इतकी मंद की आपली पेज शिजताना येतो तसा एखाद-दुसरा बुडबुडा. दुपारपर्यंत. पुड्या वेगळ्या पाण्यात उकडायच्या. बाकीच्यांना डुकराचं सारण, भारतातल्या मुलांसाठी वेगळं कोंबडीचं, आणि त्यांची कड ती वेगळ्या घडीने मुडपायची, म्हणजे गफलत नको. "आणि त्यात एक लाल फळ असायचं," ती म्हणाली. "सुरकुतलेलं, खजुरासारखं. त्याने गोडसर चव यायची."

"बी कशी होती?"

"लांबट. दोन्हीकडे टोकदार." मग एकदम माझ्याकडे वळून, "आई, कशाला एवढं?"

"मला करायचं आहे."

एका रविवारी सकाळी मी बाजारात गेले. गणेशपुरीकडच्या पाड्यांवरून बायका गावठी कोंबड्या घेऊन येतात. त्यातल्या एकीला मी म्हातारी कोंबडी मागितली. तिला नवल वाटलं. सगळे तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, मागतात. "म्हातारी हाय, पण शिजाया दुपार व्हईल," ती म्हणाली. मला नेमकी तशीच हवी होती. मग मी लाल फळ शोधत फिरले. सुक्या मेव्याच्या दुकानांत कुणी खारीक दाखवली, कुणी मनुका दाखवल्या. शेवटी जुन्या बाजारात एका युनानी औषधांच्या दुकानात शिरले. तिथल्या वयस्क चाचांना मी हातवारे करून सांगितलं. लाल, सुरकुतलेलं, बी दोन्हीकडे टोकदार. त्यांनी मागे वळून एक खण ओढला.

"उन्नाब. बेर की बड़ी बहन समझो. किसे खांसी है?"

"किसी को नहीं, चाचा. सूप में डालना है."

"डालो, डालो," ते म्हणाले. "अच्छी चीज है."

चिनी बोर! माझी पोर आठवून आठवून हुरहुरत होती ते फळ आमच्याच गावात, एका खणात होतं. मी रस्त्यातच एक तोंडात टाकलं. गोड, थोडं भुसभुशीत, आणि शेवटी ती टोकदार बी. स्कूटरवर बसल्यावर मला मोठ्याने हसू आलं.

दुपारी आमच्या स्वयंपाकघरात पहिलं पाणी फेकून झालं होतं, दुसऱ्या पाण्यात आलं, पात आणि उन्नाब पडलं होतं, आणि मागून खळ्यावरची धूळ आत येऊ नये म्हणून मी खिडकी लावून घेतली होती. मैदा या वेळी नुसत्या पाण्यात मळून झाकून ठेवला होता. कोबी बारीक चिरून, मीठ लावून, पिळून खिम्यात मिसळला. तीळ थंडीच्या दिवसांत घरात असतातच. ते भाजून कुटून घातले. पारी लाटायला घेतली. चार-दोन लाटल्या असतील तोच दारातून आवाज आला.

"तसं नाही. मध्ये जाड राहू दे, कडेने पातळ कर. सगळीकडे सारखी लाटलीस तर खालून फाटेल."

मयूरी उभी होती. केस विसकटलेले. कितीतरी दिवसांनी न विंचरलेले, आणि मला ते फार आवडलं. तिने माझ्या हातातून लाटणं घेतलं. डाव्या हाताने पारी फिरवत, उजव्या हाताने फक्त कडेवर लाटणं मागे-पुढे करत तिने एक पारी केली. "आयी अशी करायची," ती म्हणाली. मग दुसरी केली. मी सारण भरत गेले, ती मुडपत गेली. आमचे हात चालू होते, म्हणूनच बहुधा तिला बोलता आलं.

पहिल्या वर्षी ती शरीररचनेच्या एका चाचणीत नापास झाली होती. हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. ती आयीकडे जाऊन बसली होती. आयी तिला पातेल्यापाशी घेऊन गेली, आतला तो एकटा बुडबुडा दाखवला आणि म्हणाली, "मान-मान लाय." मयूरीला तेव्हा अर्थ कळला नाही. नंतर कळला. हळूहळू येऊ दे.

"मग सुट्टीला निघताना मी तिला सांगितलं, महिन्यात येते," मयूरी म्हणाली. तिचं लाटणं थांबलं. "परत गेले तेव्हा शटर बंद होतं. धूळ बसलेली. शेजारी विचारलं, कुणाला माहीत नव्हतं. नवीन माणसं होती सगळी. ती गावाला गेली, की आजारी पडली, की... काहीच कळलं नाही गं. मला तिचं नावसुद्धा माहीत नाही. आयी एवढंच माहीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? खानावळ बंद पडली म्हणून रडते?"

मी पिठाच्या हातानेच तिला जवळ घेतलं. माझ्या मनातली बोच कुठे गेली ते कळलं नाही. जिला मी कधी पाहणार नव्हते त्या बाईने माझ्या पोरीसाठी सारण वेगळं काढलं होतं, घडी वेगळी घातली होती. आणि माझ्या पोरीने तिच्यासाठी रडायची परवानगीसुद्धा स्वतःला दिली नव्हती.

पुड्या फुटल्या नाहीत. वाडग्यात सूप वाढलं तेव्हा ते इतकं नितळ होतं की तळाची नक्षी दिसत होती. मयूरीने घोट घेतला. मग म्हणाली, "तसं नाही झालं."

माझा चेहरा पडला असावा.

"तसं नाही, पण हे चांगलं आहे," ती म्हणाली, आणि वाडगं दोन्ही हातांनी उचलून तिने शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं. त्या आठवड्यात माळ्यावरचं खोकं खाली आलं. मी ते पाहिलं. तिच्या बाबांनी फक्त तिच्या टेबलावरचा जुना दिवा बदलून नवा लावला.

भात भरून झालं, खाचरात वाल टाकला, धुकं पडायला लागलं. पहाटे माग सुरू झाले की भिवंडीकडून खटखट येते तशी तिची पाठांतराची गुणगुण तिच्या खोलीतून यायची. प्रत्येक रविवारी मी म्हातारी कोंबडी आणायचे. तिचे बाबाही सूप प्यायला लागले. फक्त आधी वर काळी मिरी टाकायचे आणि माझी नजर चुकवून लसणाची चटणी. थंडीत ती परीक्षा देऊन आली. पेपर बरा गेला म्हणाली.

आणि पुन्हा नापास झाली.

निकाल तिने मोबाइलवर पाहिला आणि दारात येऊन मला सांगितलं, "आई, नाही झालं." मी तिला धीर द्यायला हवा होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना दिला. पण माझ्यातली सगळी जिद्द त्या क्षणी सांडून गेली. मी मागच्या पायरीवर बसले ती उठलेच नाही. समोर वालाच्या वेलांना फुलं आली होती, मला ती दिसत होती आणि त्यांचा काही उपयोग वाटत नव्हता. मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही बाजारात गेले नाही. पांघरूण तोंडावर घेऊन पडून राहिले. मनात एकच विचार फिरत होता: आपण पोरीला उगाच उठवलं. पडून राहिली असती तर दुसऱ्यांदा पडली तरी नसती.

दुपार व्हायला आली तेव्हा वास आला. आलं, पात, आणि तो गोडसर वास. मग लाटण्याचा आवाज. मागे-पुढे, मागे-पुढे, फक्त कडेवर. मी पडल्या पडल्या ऐकत राहिले. आवाज मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. का थांबतो, ते मला कळेना. शेवटी मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले.

शेगडीवर पातेलं होतं, ताटलीत पुड्यांची ओळ. कोंबडी आणायला ती सकाळीच एकटी बाजारात जाऊन आली होती. मसाल्याच्या डब्याला टेकवून तिने तिचं जाडजूड पुस्तक उघडं ठेवलं होतं. दोन्ही हात पिठाने भरलेले. एक पारी लाटून झाली की ती वाकायची, काहीतरी पुटपुटत वाचायची, आणि कोपराने पान उलटायचा प्रयत्न करायची. पान काही उलटत नव्हतं. ती पुन्हा कोपर लावायची.

तिने मान वर केली. तिचे डोळे सुजलेले होते.

"आई, उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. "पान उलट."

मी आत गेले आणि पान उलटलं.